करदोड्याच्या मापाचा ओटा

"आणि मॅडम, पोह्यांचं तेवढं तुम्ही बघाल ना?"

फोनवर आमच्या कॉलेजचे सध्याचे प्राचार्य होते. माणूस वाईट नाही. बोलायला गोड, भेटले की वाकून नमस्कार करणारे. मी निवृत्त होण्याच्या सुमारास ते वाणिज्य विभागात नवेच लागले होते. त्यांनी मला एका उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला फोन केला होता.

"तुमचं ते होम सायन्स ज्या खोलीत होतं ना मॅडम, तिथंच आपण नवी लॅब करतोय. एर्गोनॉमिक्स लॅब. म्हणजे काम करणाऱ्या माणसाच्या शरीराच्या मापानं कामाची जागा कशी असावी, त्याचं शास्त्र. नवीन विषय आहे, तुम्हाला कदाचित कल्पना नसेल."

मी फोन कानापासून लांब धरला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. शेजारचे आजोबा जास्वंदीला पाणी घालत होते. प्राचार्यांवर राग काढून उपयोग नव्हता. तेवढ्यात पोह्यांचा प्रश्न आला. पाहुणे बरेच येणार, कॅन्टीन बंद, आणि तुमच्या माजी विद्यार्थिनी आहेतच की.

"सांगते त्यांना," मी म्हणाले.

"वा! मग प्रश्नच मिटला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

प्रश्न मिटला नव्हता. माझी अख्खी नोकरी त्या एका प्रश्नाशी भांडण्यात गेली. संपादकांनी 'कामाचे अनुभव' मागितलेत, तर हाच अनुभव लिहिते. गावाचं नाव सांगत नाही. सातारा आणि सांगलीच्या मधलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. संस्थेचं नाव तर नाहीच, कारण या बाबतीत सगळ्या संस्था एका माळेचे मणी आहेत.

मी होम सायन्स शिकवत होते. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. बसमध्ये, लग्नात, बँकेत, सगळीकडे तेच हसू. मग पुढचं वाक्यही ठरलेलं: "म्हणजे स्वयंपाक शिकवायचा!" आमच्या भागातले लोक तर अधिक मोकळे. एका पालकांनी पोरीचा प्रवेश घेताना मला तोंडावर विचारलं होतं, "आवं बाई, भाकरी थापाय कालेज कशाला लागतंय? आमची म्हातारी फुकट शिकवती की."

या विषयाचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो कुणालाच ठाऊक नसतो. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पश्चिमेकडे काही बायका रसायनशास्त्र वगैरे शिकून तयार झाल्या. शिकल्या खऱ्या, पण त्यांना उभं राहायला प्रयोगशाळेत कुणी जागा देईना. तेव्हा ज्या खोलीतून त्यांना कुणी हाकलणार नव्हतं, तीच खोली त्यांनी प्रयोगशाळा केली. विहिरीचं पाणी शुद्ध आहे का, दुधात काय मिसळलंय, कशाला किती जळण लागतं, बाई एका स्वयंपाकात किती वेळा वाकते, हे सगळं त्यांनी मोजायला घेतलं. आज शहरातल्या फ्लॅटमध्ये जे आटोपशीर स्वयंपाकघर दिसतं, ते त्या मोजण्यातून आलं. बिल्डरला विचारा, त्याला वाटतं ते त्याच्याच डोक्यातून निघालं.

आपल्याकडे हा विषय आला तो दोन तोंडं घेऊन. मुली शिकायला हव्यात असं म्हणणाऱ्यांना तो शिक्षण वाटला. मुली फार शिकायला नकोत असं म्हणणाऱ्यांना तो घरकाम वाटला. दोन्ही बाजू खूश, म्हणून तर त्याला परवानगी मिळाली. गृहशास्त्र, गृहअर्थशास्त्र, गृहविज्ञान, होम सायन्स, आता कुठे कुठे सामुदायिक विज्ञान. नाव बदललं की मान मिळेल, असं प्रत्येक पिढीला वाटलं. मान काही मिळाला नाही, पाटी रंगवणाऱ्याला मात्र काम मिळत राहिलं.

आमच्या कॉलेजात हा विभाग सुरू केला तो आगाशे बाईंनी. बाई मूळच्या वाईच्या, शिकल्या मोठ्या शहरात. सुती साडी, पायात जाड चपला आणि गळ्यात कायम शिंप्याची टेप. गावात त्यांना मागून 'शिंपीणबाई' म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनी संस्थेकडे एक खोली मागितली. संस्थेनं सायकल स्टँडला लागून असलेली, इमारतीच्या पाठीमागची खोली दिली. तिथं त्यांनी कडप्प्याचे तीन ओटे बांधून घेतले: एक बुटका, एक मधला, एक उंच. भाकरी बसून थापतात त्यांच्यासाठी एक चौथराही होता. पाहणीला आलेले एक साहेब हसून म्हणाले होते, "बाई, तीन ओटे कशाला? तीन जावा नांदणार आहेत काय इथं?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी साहेबांना उंच ओट्यापाशी उभं केलं, कणीक मळायला दिली, मग बुटक्या ओट्यापाशी नेलं. साहेब कंबर धरून बाहेर आले, पण ओटे मंजूर झाले.

मी त्यांच्या हाताखाली लागले, आणि त्या निवृत्त झाल्यावर विभाग माझ्याकडे आला. जाताना त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. या खोलीत पाहुण्यांचा चहा व्हायचा नाही. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये बर्नरवर कुणी प्राचार्यांचा चहा ठेवतं का? मग इथंही नाही. ही प्रयोगशाळा आहे हे एकदा विसरलं गेलं ना, की खोली जाईल. आणि खोली गेली की विषय गेला."

बाईंचा हा नियम पाळताना मी गावात भांडखोर म्हणून प्रसिद्ध झाले. गॅदरिंग असो, क्रीडा स्पर्धा असो, कुणी मंत्री येवो, शिपाई साखर-चहापत्तीचा पुडा घेऊन दारात हजर. "होम सायन्सच्या पोरी हायतच की मॅडम," हे त्याचं पालुपद. मी पुडा परत पाठवायची. एका मंत्र्यांच्या वेळी तर अध्यक्षांचा निरोप आला, तेव्हा मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि पेपर तपासायला म्हणून सरळ साताऱ्याची एसटी पकडली. मला त्याबद्दल मेमो मिळाला. मी तो मिरवला.

एकदा तर प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना विट्याकडून जीप भरून माणसं आली. आमच्या एका मुलीला बघायला आलेली मंडळी. घरी गेली, तर मुलगी कॉलेजात. मग काय, कॉलेजातच आली. मुलाची आई दारातून म्हणाली, "चालू द्या तुमचं. पोरगी सैपाक कशी करती तेवढं बघतो आन् जातो." ती मुलगी त्या वेळी भिजवलेली आणि न भिजवलेली तूरडाळ शिजवून जळणाचा फरक काढत होती. मी त्या माउलींना म्हटलं, "बघा की. पण उभं राहून नाही. हे घड्याळ धरा, दुसरी शिट्टी झाली की वेळ सांगा." बाईंनी घड्याळ धरलं, चुकीची वेळ सांगितली, आणि मुलीनं त्यांना पुन्हा प्रयोग करायला लावला. लग्न जमलं नाही. मुलगी परीक्षेत पहिली आली.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमचं पहिल्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक असं असायचं: मुलीनं सरळ उभं राहायचं, कोपर वाकवायचं, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्यायचं. ओट्याचा पृष्ठभाग त्या कोपराच्या खाली, वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर असायला हवा. मळायचं-थापायचं असेल तर आणखी खाली, कारण तिथं हाताबरोबर अंगाचाही जोर लागतो. ओटा त्याहून उंच झाला की खांदे वर चढतात, मान आखडते, आणि रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारी बाई पन्नाशीच्या आत हात वर करून केस बांधायला महाग होते. एवढं साधं शास्त्र. मग मुलींना टेप देऊन घरी पाठवायचं: आईचं कोपर मोजा, घरचा ओटा मोजा, या.

दरवर्षी मुली परत यायच्या आणि दरवर्षी एकच गोष्ट सांगायच्या: ओटा उंच. कुणाचा थोडा, कुणाचा फार, पण उंचच. कधी बुटका निघायचा नाही. मला याचं कोडं पडलं होतं. सगळ्या गावांतले सगळे ओटे एकाच बाजूला कसे चुकतात?

ते कोडं सुरेखामुळे सुटलं. सुरेखा पाटणकडची. वडील फौजेत सुभेदार, नुकतेच पेन्शनवर घरी आलेले. मुलगी अबोल, वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. ती टेप घेऊन घरी गेली आणि सोमवारी आली ती थेट माझ्या टेबलापाशी. डोळे लाल.

"मॅडम, माझी आई वेंधळी न्हाई."

मला काही कळेना. मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिची आई इंदूबाई, चणीनं लहान. घरातला ओटा तिच्या कोपराला लागायचा. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. पातेल्यात बघायचं तर टाचा वर कराव्या लागत. म्हणून ती जेवणाचा लाकडी पाट पायाखाली घेऊन स्वयंपाक करायची. एकदा पाट सरकला, उकळती आमटी हातावर आली, मनगटापासून दंडापर्यंत कातडी गेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव 'वेंधळी' पडलं. सासू म्हणायची, दीर म्हणायचे, सुट्टीवर आले की सुभेदार म्हणायचे. सुरेखा स्वतःही म्हणायची.

"मी बी तिला येंधळी म्हनायची मॅडम. काल माप घेतलं. वटा उंच हाय. आई येंधळी न्हाई, वटा उंच हाय."

मी इतकी वर्षं तो धडा शिकवत होते, पण त्या मुलीनं दोन वाक्यांत तो मला शिकवला. मला संताप आला. एका बाईच्या हाताची कातडी जाते आणि वर तिलाच नाव ठेवलं जातं, आणि हे सगळं त्या घरातल्या एका दगडी ओट्यामुळे, जो एकदा बसवला की कुणी पुन्हा मोजत नाही.

सुभेदार नवीन घर बांधत होते. पुढच्याच आठवड्यात स्वयंपाकघराचं काम काढणार होते. सुरेखा म्हणाली, "तुमी चला." मी गेले. पाटणहून जीपनं, मग थोडं पायी.

घर चांगलं ऐसपैस होतं. मोठी पडवी, बैठकीची खोली, वर गच्ची. गणपत गवंडी, भागातला नावाजलेला कारागीर, भिंतीवर ओळंबा लावून बघत होता. मी त्याला विचारलं, "ओटा किती उंच घेणार?"

"आपला न्हेमीचा."

"नेहमीचा म्हणजे किती?"

गणपतनं मला बाई आहे म्हणून समजून घ्यावं तसं समजून घेतलं. तो भिंतीपाशी सरळ उभा राहिला, सदरा वर केला आणि कमरेच्या काळ्या करदोड्याला हात लावला. "ह्यो करदोडा. त्येच्या खाली चार बोटं. तिथं खूण मारायची. माज्या बापानं ह्याच मापानं वटं घातलं, मी बी घालतो. ह्या सगळ्या पट्ट्यात कुनाचीबी तक्रार न्हाई."

माझं कोडं तिथं सुटलं. पाटणपासून खाली पार शिराळ्यापर्यंत हजारो बायका ज्या दगडावर कणीक मळत होत्या, तो गवंड्याच्या करदोड्याच्या मापाचा होता. चुलीपुढं बसून स्वयंपाक करायच्या तेव्हा निदान प्रत्येकीची मांडी तिची स्वतःची होती. उभा ओटा आला, सुधारणा म्हणून आला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि तो ज्यानं एक दिवसही स्वयंपाक केला नाही अशा पुरुषाच्या मापानं आला. तक्रार नाही म्हणे! तक्रार येणार कशी, विचारलं होतं कुणी?

मी हे सगळं त्याला सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. आवाज ऐकून सुभेदार बाहेर आले. मिशा, बनियन, गळ्यात टॉवेल.

"काय मॅडम, घर तुमी बांधताय का मी?"

"तुम्हीच बांधताय. पण ओटा कुणासाठी?"

"घरासाठी! वटा घराचा असतो. सून येईल, लेकी येतील, सगळ्यास्नी एकच वटा. डिशिप्लिन पायजे."

मला एकदम सुचलं. "सुभेदार, फौजेत तुम्हाला बूट कसे मिळत होते? सगळ्या पलटणीला एकाच मापाचे?"

"न्हाई. नंबरापरमानं."

"एखाद्याला मोठा बूट दिला आणि तो पळताना पडला, तर त्याला वेंधळा म्हणायचं का?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. सुरेखा माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी ते म्हणाले, "न्हाई. स्टोअरवाल्याची चूक." मग आत तोंड करून, "आगं ए, भाईर ये जरा."

इंदूबाई आल्या. डाव्या हातावरून पदर घेतलेला. टेप बघून त्या मागेच सरल्या. "मला कशाला इचारता? तेस्नी इचारा." त्यांना सरळ उभं करायला, कोपर वाकवायला सुरेखाला बरीच मनधरणी करावी लागली. ब्लाउज शिवायच्या वेळेखेरीज त्या बाईचं माप कुणी घेतलं नव्हतं. पदर सरकला तेव्हा तो हात दिसला. सुभेदारांनी नजर दुसरीकडे वळवली. गणपतनं मात्र खडू घेतला आणि भिंतीवर नवी खूण मारली, करदोड्याच्या खूप खाली.

वर्षभरानं मी पुन्हा गेले तेव्हा इंदूबाई त्या ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. खांदे खाली, मान सैल. मी विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणाल्या, "काय वाटायचं? काय बी वाटत न्हाई बघा. तेच लय बरं वाटतंय." पाट देवघरात गेला होता. गणपत गवंडी मला नंतर एकदा बाजारात भेटला. म्हणाला, "तुमच्यापायी आता दर घरात बाईला हुबं करून इचारावं लागतंय. आन् बाया इचारल्यावर लय बोलत्यात बगा. काम लांबतं."

अशी कामं सांगायला पुष्कळ आहेत, पण तेवढ्यावर थांबते, कारण पुढचं सांगायचंय. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी संस्थेनं विभाग बंद करायचं ठरवलं. बैठकीत एक सदस्य म्हणाले, "आता मोबाईलवर सगळ्या रेसिपी मिळतात, मॅडम." मी त्यांना म्हटलं, "मोबाईल तुमच्या बायकोचं कोपर मोजतो का?" सगळे हसले. माझं म्हणणं कुणी नोंदवून घेतलं नाही. अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "तुमचं आयुष्य चांगलं गेलं ना? मग आता कशाला त्रास करून घेता?" जणू तो विषय म्हणजे माझी करमणूक होती आणि आता खेळ संपला होता.

माझा निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ओटे फोडले. मी काही कागदांसाठी गेले तेव्हा सायकल स्टँडमागच्या नळाजवळ आमच्या मधल्या ओट्याचा कडप्पा पडला होता आणि कुणीतरी त्यावर फडकी धूत होतं. खोलीत मोडके बाक भरले होते. मी गेटच्या बाहेर येऊन रिक्षात बसले आणि मग रडले. आगाशे बाई तोवर गेल्या होत्या, त्यांना हे बघावं लागलं नाही, एवढाच काय तो दिलासा.

मग सुरेखाचा फोन आला. तिचं लग्न मिरजेला झालं आणि ती कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहे. यंत्रांचे रबरी भाग तपासून पॅक करायचं काम, बहुतेक बायकाच. दिवसभर टेबलापाशी उभ्या. पाठ, खांदा, मान, सगळ्यांची एकच रड. सुरेखानं मालकांना टेबलांची उंची बदलायला सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "तुझं ते किचनचं ज्ञान इथं नको लावूस." पुढं बायका वरचेवर रजेवर जायला लागल्या, तेव्हा मालकांनी पुण्याहून एक तज्ज्ञ आणला. लॅपटॉप, कॅमेरा, बायकांच्या दंडाला चिकटवायच्या पट्ट्या. दोन दिवस खलबतं झाली.

"आणि मॅडम, शेवटी त्यांनी काय केलं ठाऊक हाय?" सुरेखा फोनवर हसत होती, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "कोपर मोजलं."

टेबलं खाली केली. बायकांना आराम पडला. पेपरात फोटो आला, मालकांचा आणि तज्ज्ञांचा. स्वयंपाकघरात जे भाकऱ्या बडवणं होतं, तेच कारखान्याच्या दारात शिरल्यावर शास्त्र झालं. बाईच्या खांद्याला किंमत आली, ती तिची रजा मालकाला परवडेना तेव्हा. मला आनंद व्हायला हवा होता, कारण बायकांची पाठ सुटली. झालाही. पण संताप त्याच्याहून मोठा होता, आणि तो मी लपवणार नाही.

ते मालक आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे व्याही. अध्यक्षांनी हा प्रयोग बघितला आणि त्यांच्या डोक्यात आलं, आपल्या कॉलेजात याची प्रयोगशाळा का नसावी? जागा शोधता शोधता सायकल स्टँडलगतची मोडक्या बाकांची खोली सापडली. आणि मग प्राचार्यांचा मला फोन आला. तिथून ही हकिकत सुरू झाली होती.

मी शब्द दिल्याप्रमाणे माझ्या विद्यार्थिनींना सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं: आपल्या खोलीत कोपर मोजायची लॅब होतेय, आपण पोहे करायचेत. काही जणी आधी हसल्या. मग वाईची एक जण म्हणाली, "मॅडम, आपण सगळ्या जाऊ या. पण हात हलवत."

उद्घाटनाला आम्ही वेळेच्या आधी पोचलो आणि पुढच्या रांगेत बसलो. ठेवणीतल्या साड्या, मांडीवर पर्स, बाकी काही नाही. सुरेखानं आईला आणलं होतं. इंदूबाई आता थकल्यात, पण त्यांना ती खोली बघायची होती. दारावर पितळी पाटी: 'एर्गोनॉमिक्स प्रयोगशाळा'. आत मधोमध एक मोठं टेबल, बटण दाबलं की वरखाली होणारं. त्याला फुलांची माळ घातली होती. पुण्याचे तज्ज्ञ बोलले. "आपल्या भागात प्रथमच," ते म्हणाले, "कामाच्या जागेची उंची माणसाच्या कोपराशी जोडण्याचा शास्त्रीय विचार होत आहे." टाळ्या झाल्या. आमच्या रांगेतून एकही टाळी वाजली नाही. तज्ज्ञ बिचारे गोंधळले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ते कुठे उभे आहेत.

मग पाहुण्यांना टेबल बघायला बोलावलं. इंदूबाई उठल्या, काठी सुरेखाकडे दिली आणि टेबलापाशी जाऊन दोन्ही हात वर ठेवले, भाकरी थापायला ठेवतात तसे. त्यांचे खांदे वर चढले. त्यांनी टेबल एकदा वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ह्यो कुनाच्या करदोड्याला लावलाय?"

आमची रांग खळखळून हसली. तज्ज्ञांना काहीच कळलं नाही. कंपनीचा टेबल बसवायला आलेला माणूस चांगला सहा फुटी होता, त्यानं स्वतःच्या सोयीनं ते बसवून ठेवलं होतं आणि तसंच त्याचं उद्घाटन झालं होतं. सुरेखा पुढं झाली, तिनं बटण दाबलं, टेबल गुणगुणत खाली आलं. इंदूबाईंचे खांदे उतरले. "आता बरूबर," त्या म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या.

तेवढ्यात अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, प्राचार्यांकडे बघितलं, आणि प्राचार्य वाकून माझ्याजवळ आले. "मॅडम, पोहे?"

"मी सांगितलं होतं विद्यार्थिनींना," मी म्हणाले. "या काय, समोर बसल्यात."

प्राचार्यांनी रांगेवरून नजर फिरवली. कुणाच्या मांडीवर डबा नव्हता, कुणाच्या पायाशी पातेलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. अध्यक्ष स्वतः उठून आले. वय झालंय त्यांचं, आवाज मात्र तोच. "अहो, निदान चहा तरी? इथं प्लगपॉइंट आहे, पाणी आहे. पाहुणे काय म्हणतील?"

मी उभी राहिले. पर्समधून आगाशे बाईंची टेप काढली, गळ्यात घातली. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण टेप रोज पर्समध्ये असते, आणि त्या क्षणी ती गळ्यातच असायला हवी असं वाटलं.

"अध्यक्षसाहेब," मी म्हणाले, "दारावर पाटी तुम्ही लावलीत, मी नाही. ही प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळेत चहा होत नाही."

हे वाक्य मी त्या खोलीत नोकरीभर बोलत आले होते, आणि दर वेळी माझ्यावर लोक हसले होते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी एकदा पितळी पाटीकडे बघितलं आणि वाणिज्य विभागातल्या दोन प्राध्यापकांना बाजारातून काहीतरी आणायला पिटाळलं.

आम्ही निघालो. चहा आम्ही एसटी स्टँडसमोरच्या गाड्यावर प्यालो. गाड्यावर एक मिशीवाला बाप्या आलं ठेचत होता, ताठ मानेनं, खांदे सैल सोडून. सुरेखानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी गळ्यातली टेप लावून बघितली नाही, त्याची गरजच नव्हती. गाडा त्यानं स्वतःच्या मापानं करून घेतला होता, आणि तो त्याच्या कोपराला अगदी बरोबर होता.